फडकं स्वच्छ होतं

कुंदा,

परवा तुझ्यासाठी सगळे जमले होते. आपल्या मराठी मंडळाच्या खोलीत तुझा फोटो ठेवला होता. आपल्या अनघाच्या लग्नातला, ज्यात तू कॅमेऱ्याकडे न बघता जेवणाच्या टेबलाकडे बघते आहेस. एकेक जण उठून बोलत होता. कोणी तुझ्या तिसऱ्यांच्या सुक्याबद्दल बोललं. नव्याने इथे आलेल्या एका मुलीने सांगितलं की पहिल्या बाळंतपणात तू तिला महिनाभर डबा पोचवलास. मला तर ते माहीतही नव्हतं. मग सामंत उठले, आणि त्यांनी फडक्याची गोष्ट सांगितली.

"वहिनींच्या हाताला तोड नव्हती," ते म्हणाले, "पण ग्लास पुसायचं त्यांचं ते फडकं! आमच्या ह्या बँकवाल्यांच्या एवढ्या भारी वाइनला त्याचा वास लागला होता, आठवतंय ना सगळ्यांना?"

सगळ्यांना आठवत होतं. सगळे हसले, डोळे पुसता पुसता हसतात तसे. सामंतांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. हसणाऱ्यांत मीही होतो. हसलो, आणि हसता हसता तुझ्या फोटोकडे बघायचं टाळलं.

हे मी आपल्या मंडळाच्या अंकासाठी लिहून देतो आहे. बोलायचं तुझ्याशीच आहे, पण हसले ते सगळ्यांसमोर, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच झालं पाहिजे.

तर पहिली गोष्ट. मला वास येत नाही. सार्सच्या साथीच्या आदल्या वर्षी मला तो मोठा फ्लू झाला, त्यातून उठलो तेव्हा नाक गेलेलं होतं. जिभेला आंबट, खारट, गोड, कडू कळतं, पण त्यापलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत. आलं नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते तुलाच. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो आणि दूध उतू जाऊन खाली लागलं होतं. तू ओल्या केसांनी धावत आलीस. "अहो, घरभर धूर झालाय आणि तुम्ही पेपर काय वाचताय?" मी म्हणालो, कळलं नाही. तू गॅस बंद केलास, माझ्याकडे नीट बघितलंस, आणि फडताळातली सुकटाची डबी काढून झाकण उघडून माझ्या पुढ्यात ठेवलीस. मी पेपर वाचत राहिलो.

"तुम्ही पुण्याचे," तू म्हणालीस. "इतकी वर्षं ही डबी उघडली की तुम्ही बाल्कनीत पळता. आज पळाला नाहीत."

मी जे पहिलं बोललो ते अजून आठवतं. मी म्हणालो, "कोणाला सांगू नकोस."

तू म्हणालीस, "बरं." ते एवढंसं बरं तू शेवटपर्यंत पुरवलंस.

लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं आज कोणी विचारेल. मी नुकताच निवृत्त झालो होतो. बँकेतल्या मेजवान्यांत मी फ्रेंच वाइनबद्दल बोलायला शिकलो होतो, आणि आपल्या लोकांत माझी तेवढीच एक ओळख उरली होती. महिन्यातल्या एका शनिवारी बुकित तिमाहच्या आपल्या घरी चार-पाच कुटुंबं जमायची, मी बाटली उघडायचो, ग्लास गोल फिरवायचो आणि बोलायचो. ते गेलं असतं तर माझ्याजवळ काय राहणार होतं? नाक गेल्यावरही काही महिने मी आठवणीवर निभावलं. फ्रेंच वाइनचं वर्णन पाठ होतं. पाठ असलेलं म्हणायला नाक लागत नाही.

मग सार्स आला. हॉटेलं ओस पडली, आणि कोपऱ्यावरच्या तानच्या वाइनच्या दुकानात हॉटेलांसाठी मागवलेली खोकी पडून राहिली. आपण दोघं गेलो होतो. तोंडावर मास्क लावून तान खोक्यांवर बसला होता. "अंकल, स्पॅनिश वन यू टेक, लाह," तो इथल्या इंग्रजीत म्हणाला. "एव्हरीबडी वॉन्ट फ्रेंच ओन्ली. धिस वन नोबडी नो." मी नावं वाचली. अल्बारिन्यो, मेन्सिया, मोनास्त्रेल, मान्झानिया. एकही पाठ नव्हतं. मी मानेनेच नको म्हणणार होतो, एवढ्यात मागून सामंत आले. जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. ते म्हणाले, "अरे, स्पेनची! विगोला आमचं जहाज दुरुस्तीला लागलं होतं तेव्हा ही आम्ही पाण्यासारखी प्यायलो. नाव कोणाला विचारायचं सुचलं नाही. बँकवाले, आता तुम्हीच सांगा आम्हाला, काय प्यायलो ते."

झालं. खोकी घरी आली.

त्या शनिवारी दुपारी मी अल्बारिन्योची बाटली उघडून स्वयंपाकघरात नुसता उभा होतो. तू पदराला हात पुसलेस, माझ्या हातातला ग्लास घेतलास, पन्ह्याचा धरतात तसा अख्ख्या मुठीत धरलास आणि नाकाशी नेलास. तुझ्या माहेरी वेंगुर्ल्याला काजूच्या बोंडांचा हंगाम आला की गल्लीभर तो आंबूस वास असायचा. त्यात वाढलेलं ते नाक. तू डोळे मिटलेस.

"कैरी," तू म्हणालीस. "पण गर नव्हे, साल. आणि मागून मीठ."

मग घोट घेतलास, आणि हसलीस. "अहो, हे तर तिसऱ्यांचं पाणी आहे. तिसऱ्याच करते."

बाजारात ज्यांना इथे लाला म्हणतात, त्या तिसऱ्या तू ओल्या खोबऱ्यात परतल्यास, वर दोन तिरफळं ठेचून. आणि संध्याकाळी मी सगळ्यांपुढे ग्लास गोल फिरवून म्हणालो, "ग्रीन मँगो. मँगो स्किन, टू बी प्रिसाइज. अँड सी सॉल्ट." लोकांनी प्यायली, तिसऱ्या खाल्ल्या, एकमेकांकडे बघितलं. वाइन आणि आपलं जेवण एकमेकांना इतकं ओळखतं, हे त्या टेबलावर कोणालाच माहीत नव्हतं. सामंत म्हणाले, "हीच! विगोची हीच!" त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. तू आत पोळ्या करत होतीस.

मग तो नियमच झाला. दुपारी तू वास घ्यायचीस, बरोबर काय द्यायचं ते ठरवायचीस, आणि संध्याकाळी मी तुझं इंग्रजी करायचो. मेन्सिया म्हणजे जांभूळ आणि पाटीवर ओढलेली पेन्सिल, असं तू म्हणालीस तेव्हा मी तुला हसलो होतो. "पाटीला कुठे वास असतो?"

"तुम्ही कधी पाटी थुंकीने पुसली नाहीत का? पुण्यात काय स्पंज द्यायचे?"

त्या मेन्सियाबरोबर तू काळ्या वाटाण्यांची आमटी केलीस. पुढे तान म्हणाला की ती द्राक्षं पाटीच्याच दगडाच्या उतारांवर होतात. मी त्याच्यासमोर मान डोलावली, जणू मला ते आधीच माहीत होतं.

लोक विचारायचे, "तुम्ही हे कुठे शिकलात?" मी म्हणायचो, "वाचन." कुंदा, त्या वाइनवर तेव्हा मी एक पानही वाचलेलं नव्हतं.

पुलाउ उबीन बेटावर आपण दोघंच गेलो होतो, तो दिवस मला सगळ्यात जवळचा वाटतो. बोटीतली तरुण पोरं सायकली घेऊन पुढे गेली आणि आपण धक्क्याजवळच्या त्या जुन्या घराच्या ओट्यावर बसलो. ओहोटी होती. खारफुटीची मुळं उघडी पडली होती. तू पिशवीतून भाजलेल्या सुक्या बोंबलांचा डबा काढलास आणि बर्फात गुंडाळलेली मान्झानियाची बाटली. ती अजून आपण उघडली नव्हती. पहिला घोट घेतलास आणि समोरच्या चिखलाकडे बघत राहिलीस.

"ही खाडीवर ठेवलेली आहे," तू म्हणालीस. "कुठेतरी नदी समुद्राला मिळते तिथे. ओहोटीचा वास आहे हिला."

घरी येऊन मी नकाशा काढला. बाटलीवर लिहिलेलं गाव खरोखरच नदीच्या मुखाशी निघालं. मी धावत तुला दाखवायला आलो. तू तांदूळ निवडत होतीस.

"मग? मी काय खोटं सांगितलं होतं?"

"कुंदा, हे लोकांना सांगायला हवं. हे तुझं आहे म्हणून."

"सांगा की," तू म्हणालीस.

एवढंच. ना आग्रह, ना नकार. सूप झटकलंस आणि पुढे निवडत राहिलीस. मी किती दिवस स्वतःला समजावलं की तुलाच ते नको होतं. नको असतं तर तू नको म्हणाली असतीस. नको म्हणायला तू कधी कचरली नाहीस.

आता फडक्याची गोष्ट.

त्या दिवशी मोनास्त्रेल होती आणि तू मटण केलं होतंस, भाजलेल्या वाटपाचं. दुपारी तू एक बाटली बघून दिली होतीस. लोक जास्त आले, म्हणून मी सगळ्यांसमोर दुसरी उघडली. तिचं बूच खराब होतं, त्याने वाइन कुबट झाली होती. ज्याला नाक आहे त्याला ते ग्लास तोंडाजवळ नेण्याआधीच कळतं. मी ग्लास गोल फिरवला आणि म्हणालो, "पहिलीपेक्षा ही जास्त खुलली आहे. ओली माती, जुनं लाकूड..."

सामंतांनी तोंड वाकडं केलं. "बँकवाले, मला तर जहाजाच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा वास येतोय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. नेऊन काय करणार होतो? आणि तेवढ्यात तू भाकऱ्यांची टोपली घेऊन बाहेर आलीस. माझा चेहरा बघितलास. टोपली ठेवलीस, माझा ग्लास उजेडात धरून काचेवरचा डाग बघावा तसा बघितलास.

"अय्या, फडक्याचा वास लागला वाटतं ग्लासांना! ओलंच राहिलं होतं मेलं. माझंच चुकलं हो." आणि तू सगळे ग्लास गोळा केलेस, बाटलीही जाता जाता उचललीस, आणि नवे ग्लास आणि आत वास घेऊन तपासलेली तिसरी बाटली घेऊन आलीस.

"वहिनी, फडकी बदला आता," कोणीतरी म्हणालं. हशा झाला. माझा जीव भांड्यात पडला. मग सामंत म्हणाले, "नाक मात्र तेज आहे हं वहिनींचं! बसा ना, तुम्हीही घ्या घोटभर."

तू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलास. बसणार होतीस तू, कुंदा. मी बघितलं. तू बसली असतीस, घोट घेतला असतास, तर तुझ्या तोंडून काहीतरी निघालं असतं, पाटीची पेन्सिल नाहीतर भिजलेली चिंच, आणि मग सगळ्यांना सगळं कळलं असतं. म्हणून मी घाईघाईने म्हणालो, "छे छे, तिला तर वाइनचा वासही सहन होत नाही."

तू खुर्चीवरचा हात काढून घेतलास.

सगळे गेल्यावर मी आत आलो तेव्हा तू ती बाटली मोरीत ओतत होतीस.

"बूच खराब होतं," तू म्हणालीस. "फडकं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं माहीत असणार? मी सांगते म्हणून माहीत." बाटली पालथी धरून शेवटचे थेंब जाऊ दिलेस. "वास सहन होत नाही म्हणालात. निदान आवडत नाही म्हणायचं होतं."

तुझी फडकी कशी होती ते मी इथे लिहितो, म्हणजे ते छापलं जाईल. माझ्या जुन्या मलमलच्या सदऱ्यांची होती. दर रविवारी तू ती सोड्यात उकळायचीस आणि बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात घालायचीस. कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत म्हणून कॉन्डोच्या ऑफिसातून फोन यायचा. तू ऐकून घ्यायचीस, फोन ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ऊन काय ह्यांच्या बापाचं आहे?" काचेच्या ग्लासाला मऊ जुनं कापडच लागतं, नव्याचे धागे चिकटतात, हेही तूच मला सांगितलं होतंस. मी ते पाहुण्यांना सांगितलं होतं.

तुझ्या साठीला सगळ्यांनी मिळून रिबीन बांधलेला खोका दिला. आत एक डझन कोरे किचन टॉवेल. किती हसले सगळे! तूही हसलीस, एकेकाला थँक यू म्हणालीस. मी तेव्हा उठून सांगू शकलो असतो. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस, फार वेळ नाही. मग केक कापलास.

आणि त्याच्या पुढच्या महिन्यातल्या शनिवारी दुपारी तू नेहमीसारखी आलीस, हात पुसलेस आणि ग्लास हातात घेतलास. "कोरडी माती," म्हणालीस, "आणि सुकं अंजीर. भरली वांगी करते." का आलीस, कुंदा? हे तुला विचारायचं राहिलं. मी विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुम्ही बिचारे शनिवारची वाट बघत असता म्हणून. किंवा म्हणाली असतीस, मला आवडतं म्हणून. मला आता वाटतं दुसरं खरं होतं. त्या दुपारच्या अर्ध्या तासात मी तुझं तोंड बघत बसायचो, तू काय म्हणतेस त्याची वाट बघत. आधीच्या सगळ्या संसारात मी तुझं असं कधी ऐकलं नव्हतं. माझं नाक गेलं नसतं तर कदाचित कधी ऐकलंही नसतं. हे लिहायला लाज वाटते, पण त्या फ्लूचे मी आभार मानतो.

एक वाद मात्र तसाच राहिला. ती काळी, काकवीसारखी दाट, मनुकांची गोड शेरी आठवते? तू म्हणालीस, ही उकडीच्या मोदकाबरोबर जाईल. मी भडकलो. गणपतीच्या मोदकाबरोबर दारू? "बाप्पाला कुठे देतेय? दुसऱ्या दिवशी उरलेले आपण तळून खातो ना, त्याच्याबरोबर." मी नाही म्हणालो, दरवर्षी नाही म्हणालो. धर्म वगैरे काही नव्हतं त्यात. तुझं एक तरी मत मी माझ्या अधिकारात नाकारू शकतो, एवढंच होतं. ती बाटली अजून कपाटात आहे.

तू गेल्यावर अनघा आठवडाभर राहिली. तुझ्या साड्या आवरताना तिने एक साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा, स्टिल स्मेल्स लाइक हर." मी चेहऱ्याला लावली. अनघा बाजूला रडत होती आणि माझ्या नाकात नुसतं कापड होतं. मी मान डोलावली. तिच्यापुढेही मी तेच केलं.

परवाच्या सभेनंतर ती स्वयंपाकघर आवरायला आली. वरच्या फळीवरून रिबिनीचा तो खोका निघाला, न उघडलेला. "आईने हे वापरलेच नाहीत? व्हाय?" तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. दुधापासून.

तिने रिबिनीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "म्हणजे साडी... यू कुडन्ट..."

"नाही."

"बाबा, यू शुड हॅव टोल्ड मी, लाह." आणि मग हळूच, मराठीत, "आईने मला पण नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामंतांना बोलावलं. ते आले, तुझ्या खुर्चीकडे बघून दुसऱ्या खुर्चीवर बसले. मी सांगत गेलो. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. जो माणूस देवाच्या आरतीतही मध्ये बोलतो, तो.

"मग विगोची..." शेवटी म्हणाले.

"तिनेच ओळखली."

"आणि टॉवेल आम्ही दिले." त्यांनी चष्मा काढला. "मी दिले. कल्पना माझी होती."

मी मान्झानिया उघडली. तुझ्या घडीतलं एक फडकं घेऊन ग्लास पुसला, ओतली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "सामंत, वास घ्या. कसला येतो सांगा. मला ऐकायचाय."

त्यांनी घेतला. डोळे मिटून घेतला, पुन्हा घेतला. कपाळाला आठ्या पडल्या. त्यांना खरंच काहीतरी सांगायचं होतं. "वाइनचा," म्हणाले. "बँकवाले, मला नुसता वाइनचा येतो हो."

आम्ही दोघं त्या ग्लासाकडे बघत बसलो. समोर भाजलेले बोंबील होते, अनघाने केलेले, जरा करपलेले. ह्या गावात आता असं कोणी राहिलं नाही, जे मला त्यातली खाडी सांगेल.

मग मी ते फडकं त्यांच्या हातात दिलं. ते समजले. दोन्ही हातांत धरून त्यांनी ते चेहऱ्याशी नेलं, आणि तसेच राहिले.

"कसला आहे?" मी विचारलं.

"कसलाच नाही."

"पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतला. "कसलाच नाही," सामंत म्हणाले. "ऊन लागलेल्या कपड्याचा असतो, तेवढाच."